तू नुसते ओठ हलव

चौथीत असताना स्वातंत्र्यदिनाच्या समूहगीताची तालीम चालली होती. पटांगणात तीन रांगा, पुढे पेटीवर गुरुजी, मी मधल्या रांगेत. दोन कडवी झाली आणि पेटी थांबली. गुरुजी उठले, रांगेतून फिरत एकेकीच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत माझ्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "बाळ, तू नुसते ओठ हलव." ते रागावले नव्हते. आवाजात माया होती, म्हणूनच ते वाक्य इतकं खोल रुतलं. त्या पंधरा ऑगस्टला मी ओठ हलवले आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं हलवतच राहिले. आरतीत, भजनात, राष्ट्रगीतातसुद्धा. माझ्या मुलाला मी एकही अंगाई गाऊन दाखवली नाही. नुसतं थोपटलं.

हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे. गुरुजींविरुद्ध नाही, कारण ते वाक्य त्यांचं एकट्याचं नव्हतं. ज्याला सूर नाही त्यानं गप्प बसावं, ही आपल्या समाजानं मुकाट्यानं मान्य केलेली रीत आहे. माझं म्हणणं असं की गाणं ही बोलण्यासारखी, चालण्यासारखी माणसाच्या अंगातच असलेली गोष्ट आहे. उत्तम गाणारे थोडेच असणार, तसे उत्तम बोलणारेही थोडेच असतात. पण वक्तृत्व नाही म्हणून आपण कुठल्या मुलाला मुकं राहायला सांगत नाही.

हे मला उमगलं ते मामांमुळे. सहा वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण बोलायला गेलं की तोंडून एकच शब्द यायचा, "बरं". पाणी हवं असलं तरी "बरं", पाय दुखत असला तरी "बरं", संताप आला तरी डोळ्यांत पाणी आणि तोंडात "बरं". तालुक्याच्या पेठेत तीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलून दुकान चालवलेला माणूस तो.

भाद्रपदात गणपती आले. आरतीला घर भरलेलं, झांजा, टाळ्या, पोरांचा गलका. मामा खुर्चीत. दुसऱ्या कडव्याच्या सुमारास मामींनी हातातली झांज एकदम थांबवली आणि त्या मामांकडे बघत राहिल्या. मामा गात होते. शब्द स्पष्ट, जोडाक्षरांसकट, चालीवर. आरती संपली, त्यामागची प्रार्थनाही त्यांनी सगळ्यांबरोबर पुरी केली. आम्ही भोवती गोळा झालो. कुणीतरी म्हणालं, "मामा, म्हणा बघू, गणपती." मामांनी जोर लावला, मान हलवली, ओठ जुळवले आणि म्हणाले, "बरं."

तेव्हा आम्हाला तो चमत्कार वाटला. वैद्यकाला तो फार जुना माहीत आहे. स्वीडनमध्ये १७४५ साली अशाच एका रुग्णाची नोंद झाली आहे. उजवी बाजू लुळी, बोलण्यात फक्त "हो" एवढाच शब्द शिल्लक, पण आधी पाठ असलेली स्तोत्रं तो गाऊ शकत होता. पुढे १८६१ ते १८६५ या काळात पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या माणसांचे मेंदू तपासून दाखवलं की बोलणं घडवणारा महत्त्वाचा भाग डाव्या अर्ध्यात, कपाळाच्या मागच्या बाजूला असतो. मामांचा घाव तिथलाच होता. गाणं मात्र मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांत पसरलेलं असतं आणि सुराची बाजू सांभाळण्यात उजव्याचा वाटा मोठा. एक वाट बुजली तरी दुसरी उघडी राहते. याच जाणिवेतून १९७३ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या तज्ज्ञांनी वाचा गेलेल्यांसाठी एक पद्धत बसवली: रोजची छोटी वाक्यं दोन स्वरांत गायची आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हातानं ठेका धरायचा. ती नेमकी कशामुळे उपयोगी पडते, सुरामुळे, तालामुळे की पाठांतराच्या सवयीमुळे, यावर तज्ज्ञांचे मतभेद आहेत. कशानं का होईना, बोलण्याची बंद झालेली वाट काही जणांना गाण्याच्या बाजूनं सापडते.

याच्या उलटी माणसंही आहेत. बोलणं चोख, ऐकणं चोख, बुद्धी तल्लख, पण दोन चालींमधला फरक त्यांना कळत नाही. आपल्याच देशाचं राष्ट्रगीत शब्द काढून वाजवलं तर त्यांना ते ओळखू येत नाही. हा जन्मजात दोष आहे आणि कॅनडातल्या माँट्रियलच्या इझाबेल पेरेत्झ यांनी त्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. त्यांच्या अलीकडच्या मोजणीत असं माणूस शंभरात साधारण दीड निघालं. म्हणजे चाळीस पोरांच्या वर्गात सरासरीनं एकही नाही. मग वर्गोवर्गी जी आठ-दहा पोरं "बेसूर" म्हणून मागच्या रांगेत जातात, ती कोण? त्यांचा कान बहुधा शाबूत असतो. दुसरा चुकला की त्यांना बरोबर कळतं, स्वतः चुकलं की त्याहून जास्त कळतं. घशाला कानामागून जायची सवय झालेली नसते, एवढंच. ती सवय गाऊनच होते आणि गाणं आपण त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी काढून घेतो.

आता मूळ प्रश्न. ज्यानं पोट भरत नाही, ऊब मिळत नाही, शत्रू पळत नाही, त्या गाण्यात माणसाला एवढा आनंद का? डार्विन यांनी १८७१ साली कबूल केलं की माणसाच्या अंगच्या सगळ्या शक्तींत ही अत्यंत गूढ आहे. मात्र त्यांनी एक तर्क मांडला. बोलीभाषा येण्याआधी आपले पूर्वज सुरांत साद घालत असावेत, जोडीदाराला रिझवत असावेत, आणि त्या सुरावटीतून पुढे भाषा आली असावी. सव्वाशे वर्षांनी, १९९७ मध्ये, भाषेचेच मोठे अभ्यासक स्टीव्हन पिंकर यांनी याच्या अगदी विरुद्ध बाजू घेतली. त्यांच्या मते संगीत म्हणजे कानांसाठी केलेला चीजकेक. आपल्या भाषेत श्रीखंड म्हणू. श्रीखंड आवडावं म्हणून निसर्गानं आपल्याला घडवलेलं नाही. गोड आणि स्निग्ध पदार्थांची ओढ जगण्यासाठी लागत होती, त्या ओढीला गुदगुल्या करणारा पदार्थ आपण बनवला. तसंच भाषेसाठी, आवाज ओळखण्यासाठी, हालचालीसाठी तयार झालेल्या शक्तींना संगीत गुदगुल्या करतं. उद्या संगीत नाहीसं झालं तरी माणसाचं जगणं फारसं बदलणार नाही, असंही ते म्हणाले.

पिंकर यांच्या पहिल्या अर्ध्याशी माझं भांडण नाही. संगीतासाठी म्हणून निसर्गानं वेगळी निवड केली याचा पक्का पुरावा अजून कुणी दिलेला नाही. दुसरं अर्ध मात्र मला मुळीच पटत नाही. दक्षिण जर्मनीत होले फेल्स नावाच्या गुहेत २००८ साली एक बासरी सापडली. गिधाडाच्या पंखाचं हाड, त्याला बोटांसाठी पाच भोकं, वय सुमारे चाळीस हजार वर्षं. हिमयुग चाललेलं. शेती सुरू व्हायला पंचवीस-तीस हजार वर्षं अवकाश. थंडीत कुडकुडणारा, शिकारीवर जगणारा कुणी एक जण गारगोटीच्या पात्यानं हाडावर खुणा करतोय, अंतर जुळवून भोकं पाडतोय, फुंकून बघतोय, पुन्हा घासतोय. सणासुदीचं गोडधोड करणाऱ्याचे हात मला यात दिसत नाहीत. अनिरुद्ध पटेल या मेंदू-अभ्यासकांनी अग्नीची उपमा दिली आहे, ती मला जवळची वाटते. विस्तव आपल्या शरीरात जन्मला नाही, तो आपण साधला. पण एकदा साधल्यावर विस्तवाशिवाय राहिलेला एकही समाज पृथ्वीवर उरला नाही. गाण्याशिवाय राहिलेला समाजही कुणाला आढळलेला नाही.

आणि बाळांकडे पाहिलं तर वाटतं, हा विस्तव अर्धाअधिक आपण जन्माला येतानाच घेऊन येतो. बुडापेस्टमध्ये दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा साधा ठेका ऐकवला गेला आणि त्यांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी टिपल्या गेल्या. मधूनच ठेक्यातला पहिला, वजनाचा ठोका गाळला की झोपलेल्या बाळाचा मेंदू दचकायचा. दुसरा एखादा हलका ठोका गाळला तर तसं होत नव्हतं. म्हणजे समेला, त्या पहिल्या ठोक्याला, काहीतरी यायला हवं होतं आणि ते आलं नाही, हे दोन दिवसांच्या जिवाला कळतं. हा प्रयोग २००९ सालचा. त्याच वर्षी जर्मनीतल्या संशोधकांनी तीस फ्रेंच आणि तीस जर्मन तान्ह्या बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित केलं. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढत जायचा, जर्मन बाळांचा उतरत. त्यांच्या आयांच्या भाषेच्या चढउतारासारखाच. आईच्या पोटात व्यंजनं नीट पोचत नाहीत, पाण्यातून आणि मांसातून ती विरून जातात. पोचते ती बोलण्याची चाल आणि लय. मातृभाषा आपल्याकडे आधी गाणं होऊन येते आणि शब्द त्या चालीवर मागाहून बसतात.

यावर कुणी म्हणेल, गाणं एवढं नैसर्गिक असेल तर शिकवायचं कशाला, कोकिळेला कोण शिकवतं? प्रश्न चांगला आहे. कोकिळेची अंडी कावळ्याच्या घरट्यात उबतात. पिल्लू कावकाव ऐकत वाढतं आणि तरी नर वयात आला की कुहू कुहूच करतो (कवितांनी ते श्रेय मादीला देऊन टाकलंय, पण गातो तो नर). त्याचं गाणं अंडं फुटायच्या आधीच ठरलेलं असतं. आपल्या अंगणात येणारा काळापांढरा दयाळ मात्र गाणाऱ्या पक्ष्यांच्या घराण्यातला. या घराण्यातली पिल्लं थोरांचं ऐकून, बडबडत, चुकत, सुधारत गाणं शिकतात. शिकण्याच्या वयात ऐकायलाच मिळालं नाही तर त्यांचं गाणं कच्चं राहतं. माणसाचं मूल या दयाळाच्या पंक्तीत बसतं. शिकण्याची शक्ती उपजत, पण शिकणं ऐकून आणि करून. आवाजाची नक्कल करून शिकणारे सस्तन प्राणी मोजकेच आहेत: देवमासे, डॉल्फिन, वटवाघळं, सील, हत्ती आणि आपण. आपले जवळचे भाऊबंद चिंपांझी त्यात जवळजवळ नाहीत. बोलणं आणि गाणं या दोन्हींची मुळी तीच आहे, ऐकलेला आवाज घशातून परत काढता येणं. मुलाला बोबडं बोलायची मुभा देऊन बोबडं गायची मुभा न देणं म्हणजे एकाच मुळीच्या एका फांदीला पाणी आणि दुसरीवर कुऱ्हाड.

आनंद मात्र नुसत्या नकलेत नाही. तो वाट पाहण्यात आहे, असं मला वाटतं. मैफलीत तीनताल चाललेला असतो. सोळा मात्रांचं आवर्तन. गायिका आलापात, तानेत कुठल्या कुठे निघून जाते, आपल्याला वाटतं आता ही चुकणार, तेराव्या-चौदाव्या मात्रेला मुखडा, म्हणजे गाण्याचा सुरुवातीचा तुकडा, उचलते आणि बरोबर समेवर येऊन उतरते. सभागृहातल्या सगळ्या माना एका क्षणी हलतात. ज्यांना ताल मोजता येत नाही त्यांच्याही. माँट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये लोकांना त्यांच्याच आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवून मेंदूत काय घडतं ते पाहिलं. काटा येण्याच्या काही क्षण आधीच मेंदूच्या खोल भागात एका ठिकाणी डोपामिन हे रसायन वाढलेलं होतं. प्रत्यक्ष काटा आला तेव्हा ते शेजारच्या दुसऱ्या ठिकाणी वाढलं. वाट पाहण्याचं सुख वेगळं, मिळण्याचं वेगळं, आणि दोन्ही सुखं अन्नपाण्याच्या सुखाच्याच वाटांनी येणारी. मुखडा आणि सम हे आपल्या गवयांनी केव्हाच ओळखलेलं जीवशास्त्र आहे.

भाषेचंही असंच आहे आणि मराठीत तर फारच. आपलं क्रियापद शेवटी येतं. "काल रात्री एवढ्या पावसात छत्री नसताना मी तुझ्या दारापर्यंत" एवढं बोलून कुणी थांबलं तर ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. आले होते? येऊन परत गेले? येणार होते? क्रियापद आलं की वाक्य समेवर येतं. सुरांच्या ओळीत अनपेक्षित स्वरसमूह आला तर मेंदू कुठे प्रतिसाद देतो हे लाइपझिगमध्ये २००१ साली तपासलं गेलं. प्रतिसाद आला तो ब्रोका यांच्या भागातून आणि मेंदूच्या उजव्या अर्ध्यातल्या त्याच्या जोडीदाराकडून. ऐकणारे लोक संगीत शिकलेले नव्हते. वाक्याचं व्याकरण आणि सुरांचं व्याकरण एकाच ओसरीवर बसून काम करतात, निदान काही काळ.

आपल्या परंपरेत या दोघांमधली भिंत फार पातळ होती. तबला आधी तोंडानं शिकायचा असतो. धा, धिं, ना, तिरकिट म्हणत पढंत करायची, मग हात लावायचा. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या बोलांचं ध्वनिविश्लेषण केलं, तेव्हा तोंडचा बोल आणि तबल्यातला आवाज यांत खरोखरच साम्य निघालं. जगभरच्या अभ्यासकांनी ज्याचं कौतुक केलं ते आपल्याकडे सात वर्षांचं पोर मांडी घालून करत असतं. शाळेतले पाढे घ्या. बे एके बे, बे दुणे चार. ही चाल कुणी बांधली, कुणाला ठाऊक? माझ्या वडिलांना निमकी, पावकी, दीडकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हाताऱ्या वयातही येत होते. विचारलं, दीड साते किती, तर ते मनातल्या मनात पाढ्याच्या चालीवर उतरत जायचे, मान हलायची, आणि साडेदहावर थांबायची. तो आकडा त्यांनी चालीत ठेवला होता.

आणि जातं. पुण्याच्या हेमा रायरकर आणि गी पॉइटवॅन यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. जरा थांबून या आकड्याकडे बघा. एवढं कोण गात होतं? कुठल्या गायिका होत्या या? त्या दळणाऱ्या बायका होत्या. माझ्या आजीनं मला दाखवलं होतं, खुंट्याला दोघींचे हात, समोरासमोर बसलेल्या, एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं धरायची, फेऱ्याच्या ओघात श्वास घ्यायचा. आजी म्हणायची, ओवी आली की हात हलका होतो. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी हेच मोजलं आहे. लोक एकत्र गातात, वाजवतात, एका लयीत अंग हलवतात तेव्हा त्यांची वेदना सोसण्याची ताकद वाढते. शरीर स्वतःच वेदनाशामक रसायनं सोडत असल्याचं ते लक्षण मानलं जातं. नुसतं ऐकत बसलं की तसं होत नाही. आजीचं वाक्य आणि डनबार यांचं मोजमाप यांत मला काहीच अंतर दिसत नाही. त्यांच्याच आणखी एका अभ्यासात प्रौढांचे गाण्याचे वर्ग आणि हस्तकला, लेखन यांचे वर्ग यांची तुलना केली गेली. सात महिन्यांनी सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांच्या जवळ आली होती, पण गाणारे आधी, पहिल्या महिन्यातच. भजनी मंडळात नवीन बाई आली की तिसऱ्या एकादशीला ती घरातली होते, हे आपण पाहतोच.

जात्याशी बसलेल्या कुठल्याही सुनेला कुणी म्हटलं नाही की तू नुसते ओठ हलव. वारीत टाळ घेतलेल्या माणसाचा सूर कुणी तपासत नाही. मग हे वाक्य आलं कुठून? माझ्या मते आपण गाण्याचं कर्तेपण मोजक्यांच्या हवाली केलं आणि बाकीचे श्रोते झालो, त्यातून आलं. गिरणी आली, रेडिओ आला, ध्वनिमुद्रिका आल्या. सर्वोत्तम आवाज घरात आला आणि घरातले आवाज त्याच्यापुढे लाजून गप्प झाले. आता टीव्हीवर आठ वर्षांच्या मुलांना परीक्षकांसमोर उभं करून बाद करतात आणि ती रडतात तेव्हा कॅमेरा जवळ नेतात. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या डीजेपुढे माणसं नाचतात खरी, पण त्या आवाजात एकालाही गाता येत नाही. तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या दरबारी जमाखर्च पाहणाऱ्या शार्ङ्गदेवांनी संगीताची व्याख्या केली आहे. गाणं, वाजवणं आणि नाचणं, या तिन्हींना मिळून संगीत म्हणायचं. तिन्ही करण्याच्या गोष्टी आहेत. ऐकण्याचा त्यात उल्लेखही नाही.

याचं सगळ्यात मोठं नुकसान शाळेत होतं. कायदा वाईट नाही. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराहून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक असावा असं परिशिष्टातच लिहिलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर यांच्यातली भिंत पाडायची भाषा केली आहे. प्रत्यक्षात माझ्या मुलाच्या शाळेत संगीताचा तास शनिवारी शेवटचा होता आणि चाचणी जवळ आली की तो गणिताला जायचा. पालकसभेत मी विषय काढला तेव्हा एका पालकांनी मला पाठिंबा दिला आणि त्या पाठिंब्यानं मी जास्त अस्वस्थ झाले. ते म्हणाले, संगीतानं मुलांचा मेंदू तल्लख होतो, मार्क वाढतात.

हा युक्तिवाद आपण सोडून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो एका छोट्या प्रयोगावर उभा राहिला. १९९३ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टचं संगीत ऐकवलं गेलं, आणि त्यानंतर आकृत्यांच्या एका प्रकारच्या कोड्यात ते थोडे वरचढ ठरले. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. वर्तमानपत्रांनी त्याचं "मोझार्ट ऐका, हुशार व्हा" केलं. १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तर प्रत्येक नवजात बाळाला अशी ध्वनिमुद्रिका देण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलर मागितले. पुढे कितीतरी प्रयोग एकत्र करून तपासले गेले तेव्हा संगीतानं बुद्ध्यांक वाढतो या दाव्यात दम उरला नाही. गाण्याला मार्कांच्या कुबडीवर उभं केलं तर कुबडी निघाल्या दिवशी गाणं पडतं. जेवणाच्या सुट्टीचं समर्थन आपण मार्कांनी करत नाही. मूल भुकेलं असतं म्हणून ती असते.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि तिला पैसेही फारसे लागत नाहीत. पहिली ते आठवीच्या प्रत्येक वर्गानं रोज दहा-पंधरा मिनिटं एकत्र गावं. पेटी असली तर उत्तम, नसली तर टाळी. कविता चालीवर, पाढे चालीवर, गावातल्या ओव्या, भारुडं, कोळीगीतं, ज्या घरात जे असेल ते. त्यात उर्दूही येऊ दे, पावरी आणि गोंडी या आदिवासी बोलीही. याची परीक्षा नको, श्रेणी नको, स्पर्धा नको, निवड तर मुळीच नको. तबला-पेटीचं शिस्तीचं शिक्षण ज्याला हवं त्याला मिळावं, त्यासाठी कायद्यातला तो अंशकालीन शिक्षक खरोखर नेमावा. पण त्या शिक्षणाची जागा वेगळी आणि रोजच्या गाण्याची वेगळी. चार वर्षांच्या मुलांवर जर्मनीत झालेल्या २०१० च्या एका प्रयोगात दिसलं की जोडीनं गाऊन-नाचून खेळलेली मुलं नंतर एकमेकांच्या मदतीला जास्त धावून जातात. ज्या वर्गांत जात, पैसा, भाषा यांच्या रेघा बाकांवरही उमटलेल्या असतात, तिथे ही दहा मिनिटं मला फार मोलाची वाटतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काही लोकांना संगीतात खरोखर आनंद मिळत नाही. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशी निरोगी माणसं दाखवून दिली. त्यांना सूर कळतात, पैसे जिंकल्यावर आनंद होतो, पण गाण्यानं काहीच हलत नाही. त्यांच्यात काही उणं नाही. वर्गात असं मूल असेल तर ते टाळी वाजवेल, किंवा स्वस्थ बसेल. पण गप्प बसायचं ते त्यानं ठरवावं. आपण ठरवू नये.

मामांकडे आलेल्या वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी दोन स्वरांची पद्धत सुरू केली तेव्हा म्हणाल्या, दिवसातून दोनदा घरातल्या कुणीतरी यांच्याबरोबर गायला हवं. मामींचे गुडघे आणि स्वयंपाकघर, भावाची नोकरी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला गाता येत नाही हो." बाई फाइलमधून मान वर करून म्हणाल्या, "त्यांनाही बोलता येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बसलो. मामांचा डावा हात माझ्या हातात, मांडीवर ठेका. पा खाली, णी वर, दे खाली. आधी मी एकटी, मग दोघं, मग मी मध्येच थांबायची आणि ते पुढे जायचे. माझा आवाज फाटायचा, दोन स्वर रोज वेगळ्याच उंचीवर लागायचे. मामा ते जिथे लागतील तिथून उचलायचे. कित्येक दिवस शेवटी "बरं"च यायचं.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मी आत भांडी लावत होते. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, खाली, वर, खाली. पाणी दे. मी तांब्या भरला आणि तिथूनच त्याच सुरांत म्हटलं, आणते.